रविवारी सुटणाऱ्या पट्ट्या

पहिल्याच भेटीत मी शार्दूलला ‘भैया’ म्हणून मोकळी झाले. यात माझा काही दोष नाही. आमच्या रायपुरात दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक पुरुष भैयाच असतो, मग तो कलेक्टर असो की कुलपाच्या चाव्या बनवणारा. पण हा पठ्ठ्या पायरीवरच थबकला आणि असा काही हिरमुसला, की मला हसूच फुटलं. हसता मात्र येत नव्हतं. दातांत दोरा धरलेला होता, आणि दोन्ही हात पाण्याच्या एका जळक्या मोटरच्या पोटात होते.

शंकर नगरात मेन रोड सोडून दुसऱ्या गल्लीत वळलं, की आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान लागतं. पाटी बाबांच्या नावाची, श्यामरावांची. पण बाबांची नजर कमी झाल्यापासून जळक्या मोटरमध्ये नवी बारीक तार भरायचं सगळं काम मीच करते. मोटर भरणारी पोट्टी बघायला सुरुवातीला लोक उगाच पंखे घेऊन यायचे. आता सवय झाली त्यांना.

“बोलो भैया, क्या है?” मी दोरा दातांत ठेवूनच विचारलं होतं.

“मराठीत विचारलं तर चालेल?” तो म्हणाला. “पाटीवर मराठी नाव वाचलं म्हणून आत आलो. आणि... भैया नका म्हणू हो.”

“मंग काय म्हणू?”

“शार्दूल.”

दोरा काढला मी तोंडातून. “बोला. काय जळलं तुमचं?”

“काही नाही जळलं. तांब्याची पन्नी हवी होती. कागदाइतकी पातळ.”

“कायले पाह्यजे?”

“जहाजाला लावायला.”

मी मोटर खाली ठेवली. रायपूरपासून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी निदान रात्रभराच्या गाडीवर आहे. माणूस दिसायला बरा होता, उंच, सावळा, कानामागे पेन्सिल खोचलेला. वाईट वाटलं मला. इतक्या लहान वयात डोक्यावर परिणाम!

मग त्याने दोन्ही हात पसरून दाखवलं. एवढंच जहाज, अडीच फुटांचं. शिडाचं. चार वर्षं खपून लाकडात स्वतः घडवलेलं. जुन्या काळी म्हणे अशा जहाजांच्या पोटाला, पाण्याखाली राहणाऱ्या भागाला, बाहेरून तांब्याचे पत्रे ठोकायचे. समुद्रातले किडे लाकूड पोखरून टाकतात ना, म्हणून. त्याला आपल्या जहाजालाही तसंच तांबं चढवायचं होतं, नखाएवढ्या पट्ट्या कापून, एकेक करून.

“तुमच्या खोलीत किडे आहेत काय?” मी विचारलं.

तो इतका मोकळेपणाने हसला, की आतून आई बाहेर डोकावली.

त्या दिवशी तो चांगला पाऊण तास बसला. वेंगुर्ल्याचा होता. वडील प्रल्हादराव होड्या दुरुस्त करायचे, त्यामुळे लाकूड लहानपणापासून हातातलं. नोकरी मात्र पुण्याच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात. त्यांनी इथे शंकर नगरातच शाखा उघडली होती, रायपूरजवळ उभ्या राहणाऱ्या नव्या राजधानीचं मॉडेल बनवायला. आमची नवी राजधानी तेव्हा त्याच्या टेबलावरच होती. थर्माकोलची मंत्रालयं, निळ्या प्लास्टिकचे तलाव, स्पंजाची झाडं. ती राजधानी तयार झाली होती, आणि याच्याकडे आता किरकोळ डागडुजीचंच काम उरलं होतं.

“पुण्याच्या खोलीत आम्ही सहा जण राहतो. तिथे जहाज नेलं तर त्याच्यावर टॉवेल वाळत घालतील,” तो म्हणाला. “म्हणून इथेच पुरं करतो. जहाज झालं की गावी बाबांकडे पोचवायचं आणि मग पुणं. रायपुरात कोण राहतंय!”

“आम्ही राहतो,” मी म्हटलं.

“तसं नाही... म्हणजे तुमची गोष्ट वेगळी.”

चिडले मी. तरी पन्नी काढून दिली, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेली. चिडलेली असतानासुद्धा मी माल खोटा देत नाही.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. पट्ट्या वेड्यावाकड्या कापल्या जात होत्या. मी कागद कापायच्या यंत्रावर एका दमात पन्नास कापून दिल्या. तो त्या तळहातावर घेऊन बघतच राहिला. नंतर म्हणाला, “तुमचे हात दोन-चार रविवार उसने मिळतील का?”

हात काय, त्या वेळी त्याने डोकं मागितलं असतं तरी मी दिलं असतं. पण तोंडाने म्हटलं, “आईले विचारून सांगते.”

आईने हो म्हटलं, पण तिच्या अटीवर. काम दुकानामागच्या पडवीत, दुपारी, तिच्यासमोर. बाबा रविवारी अभनपूरला जायचे, शेतकऱ्यांचे पंप बघायला. आई पडवीच्या दुसऱ्या टोकाला सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. एका किलो तांदळाला तीन तास लागायचे तिला.

जहाज खोक्यात घालून तो सायकलरिक्षाने यायचा. डोलकाठ्या वेगळ्या बांधून ठेवलेल्या. आम्ही जहाज उशीवर पालथं घालायचो. काम मागून पुढे, सुकाणूपासून नाकाकडे, आणि खालून वर. पुढची पट्टी मागच्या पट्टीवर केसभर चढलीच पाहिजे. एका बाजूला बारा रांगा, एका रांगेत सत्तर पट्ट्या. खिळ्यांच्या डोक्यांसारखे ठिपके उठवायला तो सुई घेऊन एकेक टोचत बसला होता. मला बघवेना. मी पंडरीच्या बाजारात गेले आणि शिवणकामाच्या सामानाच्या दुकानातून टेलर लोक कापडावर खुणा करायला वापरतात ते दातेरी चाक आणलं. पन्नीवर एकदा फिरवलं की सरळ रेघेत टिपटिपटिप.

“अहो, हे मला चार वर्षांत सुचलं नाही!” तो म्हणाला.

“चार वर्षांत पंडरीले नाही गेले ना तुम्ही.”

“गेलो असतो. कोणी नेलंच नाही.”

“रस्ता काय बंद आहे?”

“एकट्याने जाण्यात मजा नसते काही काही ठिकाणी.”

आईच्या सुपातले तांदूळ थांबले. मी खाली मान घालून चाक फिरवत राहिले. कान मात्र असे तापले होते, की त्यांच्यावर पन्नी चिकटवली असती तर आपोआप बसली असती.

गोंद चपला चिकटवायचा, पिवळा. “दोन्हीकडे लावायचा, वाळू द्यायचा, आणि मग टेकवायचं,” त्याने मला शिकवलं. “एकदा टेकवलं की विचार बदलता येत नाही.” हे सांगताना तो जहाजाकडे बघतच नव्हता. एकदा माझ्या तर्जनीला गोंद होता आणि त्याच्या अंगठ्यालाही. दोघांचे हात एकाच पट्टीवर गेले आणि चिकटले. सोडवायला अर्ध्या मिनिटाचं काम... आम्हाला बराच वेळ लागला. आई म्हणाली, “तेल आणू काय?” दोघांनीही एकदम “नको!” म्हटलं.

तिसऱ्या रविवारी मला हिशेब सुचला. आमचा हात बसला होता. अशाच वेगाने काम झालं, तर जहाज पोळ्यापर्यंत संपणार होतं. आणि जहाज संपलं की हा निघाला! हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, अगदी आनंदाने.

मी काय केलं ते सरळ सांगून टाकते. मी पन्नीचं भेंडोळं वार्निशच्या रिकाम्या डब्यात लपवलं.

“पन्नी संपली,” मी तोंड पाडून म्हटलं. “आता नागपूरहून येईन तवा.”

“कधी?”

“काय सांगता येते बाई. ते लोक लय लेट करतात.”

वाटलं होतं तो हळहळेल. तो म्हणाला, “हरकत नाही, उरलेल्या तीस लावू.” आणि त्या तीस पट्ट्या आम्ही चार तास लावल्या. रायपुरात माझ्याइतक्या झपाट्याने मोटर भरणारं दुसरं कुणी नाही, असं बाबा सांगतात. त्या दुपारी बाबांनी मला बघितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं.

पुढच्या रविवारी मी थोडी पन्नी ‘आली’ म्हणून काढली, तर हाच खोकं उघडून कपाळाला हात लावून उभा.

“वीस पट्ट्या सुटल्या,” तो म्हणाला.

“काहून?”

“हवा दमट आहे ना. गोंद पकडत नाही.”

बाहेर श्रावणाची झड लागली होती, भिंतींना ओल आली होती. मला पटलं. मी सुटलेल्या वीस पट्ट्या पुन्हा लावल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सव्वीस सुटल्या. नंतर अठरा. मग एकदम चाळीस! तो दर वेळी म्हणायचा, “ह्या हवेचं काही खरं नाही.” मी वरवर “अरेरे” करायची, बाकीची पन्नी अजून नाही आली म्हणायची आणि मनातल्या मनात त्या दमट हवेला हात जोडायची. माझा लबाडपणा एकीकडे, वरून देवाची मदत. बरं चाललं होतं.

या सगळ्यात मला तो किती आवडतो हे मला कळून चुकलं होतं. सोमवारपासून मी रविवारची वाट बघायची. तो आला की रिक्षाच्या घंटीवरून ओळखायची. सुट्टीच्या दिवशी न्हाऊन-माखून वार्निशचा वास घालवायची, आणि तो म्हणायचा, “आज काहीतरी चुकतंय. दुकानाचा वास कुठे गेला?” जीव जायचा माझा.

भाद्रपद सरत आला तेव्हा एका रविवारी त्याचं कामात लक्ष नव्हतं. पट्टी हातात धरून म्हणाला, “पुण्याहून साहेबांचा फोन होता. इथली शाखा सांभाळायला एक माणूस कायमचा हवाय त्यांना. कोणी तयार नाही. मला विचारलं. नाहीतर एक तारखेला पुण्यात हजर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. आणि मी, मूर्खांची महाराणी, काय बोलावं मी? पहिल्या दिवशीचं त्याचं वाक्य अडीच महिने माझ्या मनात रुतून बसलं होतं. तेच उचललं आणि त्याच्या अंगावर टाकलं.

“रायपुरात कोण राहते!”

त्याने मान खाली घातली. पट्टी लावली. वाकडी लावली, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

आठवडाभर मी स्वतःला शिव्या दिल्या. ठरवलं, रविवारी सांगायचंच. वाक्यही तयार केलं होतं. तो आला, खोकं ठेवलं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, “बाकीची पन्नी कधी येणार?”

झालं! म्हणजे याला जायची घाई आहे. इथे मी रात्र-रात्र वाक्यं जुळवतेय, आणि याचं लक्ष गाडीकडे. माझं डोकं असं फिरलं, की मी दुकानात गेले, वार्निशचा डबा उलटा केला आणि भेंडोळं आणून त्याच्यापुढे आदळलं.

“घ्या. आजच आली. आजच संपवून टाकू तुमचं जहाज!”

“आजच?”

“हव. आजच. तुमची गाडी चुकाले नको.”

दोन्ही बाजूंच्या मिळून पाच रांगा उरल्या होत्या, साडेतीनशे पट्ट्या. मी कापत गेले, चाक फिरवत गेले, गोंद लावत गेले. तो चिकटवत गेला. आईने दोन किलो तांदूळ निवडले, मग गहू काढले. दिवे लागायच्या आत सगळ्यात वरच्या रांगेतली, नाकाजवळची शेवटची पट्टी बसली. इतकं सुंदर दिसत होतं ते जहाज! खालच्या रांगा तपकिरी झालेल्या, मधल्या मधाच्या रंगाच्या, वरच्या नव्या कोऱ्या. तांबं असं हळूहळू आपणहून काळवंडत जावं, ही त्याची फार हौस होती. कोणी बोट लावलेलंही त्याला खपत नसे.

“बुधवारी संध्याकाळची गाडी आहे,” तो म्हणाला. “गोंद पक्का होऊ दे. दुपारी येऊन नेतो.”

“बरं,” मी म्हटलं.

त्या रात्री मी रडले. उगाच आडून सांगण्यात काय अर्थ आहे? उशी भिजेपर्यंत रडले.

सोमवार-मंगळवारी मी एकाही मोटरला हात लावला नाही. बुधवारी सकाळी बाबांबरोबर अभनपूरला एक पंप पोचवला, ते तिथेच थांबले, मी अकराला घरी आले. आणि पडवीच्या दारातच थांबले.

शुक्रवारी घट बसणार होते. आईने देवघरातलं सगळं तांबं-पितळ बाहेर काढलं होतं. ताम्हण, पळी, पंचपात्र, समया, सगळं चिंच-मिठाने घासून ओळीने उन्हात मांडलेलं. आणि त्या ओळीच्या शेवटी, समईच्या शेजारी, उशीवर पालथं... जहाज! बारा रांगा लखलखीत. तपकिरी नाही, मधाचा रंग नाही. नवऱ्या मुलीसारखं उजळलेलं.

“आई!” मी किंचाळले. “हे काय करून ठेवलं वं तू!”

“काय केलं?” आमच्या मातोश्री मंदाकिनीबाई नारळाची शेंडी हातात धरून शांतपणे म्हणाल्या. “किती काळं पडलं होतं ते! पोट्टा एवढ्या लांब बापाकडे नेऊन राहिला, असं काळवंडलेलं देईन काय? म्हटलं, ताम्हण घासतोच आहे तं हेही घासून टाकू.”

“चिंचेनं?”

“चिंचेनं, मिठानं, अन् राखेचा हात. चांगलं अर्धा तास घासलं. जोर लावून.”

मी जहाजाजवळ खाली बसले. आता तो येणार, बघणार, आणि शेवटची आठवण काय घेऊन जाणार तर ही! मी पट्ट्यांवरून हात फिरवत होते, कुठे कुठे उचकटल्या ते बघायला. आई माझ्या डोक्यावरून बोलतच होती.

“अन् तुमचं ते काय, पट्ट्या सुटतात, पट्ट्या सुटतात! मले तं वाटलं होतं, हात लावला की हातात येतीन. इतकं घासलं, पाण्यानं धुतलं, एकबी नाही हालली. लय पक्का गोंद आहे हो.”

माझा हात थांबला.

मी पुन्हा पाहिलं. पहिल्या रांगेपासून बाराव्यापर्यंत. या बाजूने, त्या बाजूने. नख घालून पाहिलं. आईचा हात म्हणजे काय, पातेल्यांवर कोरलेली नावंसुद्धा घासून पुसली गेलीत त्या हाताखाली. चिंच, मीठ, राख, शेंडी, अर्धा तास... आणि एक पट्टी सुटली नव्हती. मग दमट हवेने दर आठवड्याला वीस-वीस, चाळीस-चाळीस कशा सुटत होत्या?

‘एकदा टेकवलं की विचार बदलता येत नाही.’ हे तोच म्हणाला होता.

“आई गं!” मी उठले ती सरळ दारात लावलेल्या लुनाकडे धावले.

“अवं, आता कुठं चालली? चिडली काय?” आई मागून ओरडत होती. मी चिडलेली नव्हते. माझ्या छातीत इतकी धडधड चालू होती, की लुनाचा आवाजच मला ऐकू येत नव्हता. शंकर नगरचे ते तीन चौक मी कसे पार केले, मला माहीत नाही. एका म्हशीने वाट दिली एवढं आठवतं.

तो ऑफिसात एकटाच होता. टेबलावर अख्खी राजधानी पसरलेली, आणि हा एका हातात ब्रश घेऊन तिच्या रस्त्यांवरची धूळ झटकत होता. मला बघून दचकला. माझे केस उडालेले, ओढणी एका खांद्यावर.

“काय झालं? जहाज...?”

“पट्ट्या काहून सुटत होत्या?” मी दारातूनच विचारलं.

“अं? ते... हवा दमट...”

“खरं सांगा.”

“गोंद जरा...”

“आईनं आज सकाळी चिंच अन् राख लावून अर्धा तास घासलं तुमचं जहाज. शेंडीनं. एक पट्टी सुटली नाही.”

“घासलं?” त्याचा ब्रश थेट मंत्रालयावर पडला. “चिंचेने? सगळं? अडीच महिन्यांचा तो रंग...” आणि मग त्याला कळलं मी काय विचारतेय. चेहऱ्यावरचा रंगच बदलला. आधी पांढरा, मग असा लाल, की सावळा माणूस इतका लाल होऊ शकतो हे मला पहिल्यांदा समजलं.

“शनिवारी,” तो अगदी हळू म्हणाला. “दर शनिवारी. पातं गरम करायचं आणि पट्टीखाली सरकवायचं... मग निघते.”

“तुम्ही काढत होते?”

“हो.”

“अन् रविवारी हवेले नावं ठेवत होते?”

“हो.” त्याने मान वर केली. “तिसऱ्या रविवारी लक्षात आलं, की काम फार भरभर होतंय. जहाज संपलं तर तुमच्याकडे यायला माझ्याजवळ कारण काय? मोटर तर नाही माझ्याकडे एकही!”

तिसरा रविवार! त्याच तिसऱ्या रविवारी मी डबा शोधत होते. मला हसू यायला लागलं, आवरेना. मी तिथेच स्टुलावर बसून हसत सुटले, आणि डोळ्यांतून पाणी.

“यामिनी... काय झालं?”

“पन्नी,” मी कसंबसं म्हटलं. “पन्नी कधी संपलीच नव्हती. वार्निशच्या डब्यात होती. पूर्ण भेंडोळं. पहिल्यापासून.”

“म्हणजे नागपूरहून...”

“काही येणार नव्हतं नागपूरहून.”

“काय गो तू!” पहिल्यांदाच त्याच्या तोंडून त्याच्या गावची भाषा निघाली. “मग त्या दिवशी का आणून आदळलीस? मला वाटलं, तुला झालंय ओझं माझं. कधी एकदा जातोय असं झालंय.”

“तुम्हीच विचारलं, पन्नी कधी येणार म्हणून! मले वाटलं, जायाची घाई झाली तुम्हाले.”

“अगं, मी विचारलं ते तू ‘अजून नाही आली’ म्हणावंस म्हणून! तेवढंच ऐकायचं होतं मला. दर रविवारी तू ते म्हणायचीस आणि माझा पुढचा आठवडा चांगला जायचा.”

आता मात्र मला आडून बोलायचा कंटाळा आला. अडीच महिने आडूनच बोललो होतो, आणि त्यातून काय निष्पन्न झालं ते समोर होतं.

“मले तुम्ही इथं राहायला पाह्यजे,” मी म्हटलं. “जहाज असो, नसो. मले तुम्ही आवडता. लय आवडता. रविवारी नाही, रोज पाह्यजे. बस, सांगून टाकलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो टेबलाला वळसा घालून आला, अख्ख्या नव्या राजधानीला वळसा घालून, आणि माझ्यासमोर थांबला. हात पुढे केला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला.

“साहेबांना मी परवाच सांगून ठेवलंय,” तो म्हणाला. “बुधवार संध्याकाळपर्यंत शाखेला माणूस शोधू नका म्हणून. म्हटलं, दुपारी जहाज न्यायला जाईन तेव्हा एकदा धीर करून विचारेन. ती पुन्हा ‘कोण राहते’ म्हणाली, तर गाडी आहेच.”

“अन् आता?”

“आता मी राहतो की!”

मी त्याचा हात धरला. माझ्या बोटांना ग्रीस होतं, त्याच्या बोटांना धूळ. सुटला नाही बराच वेळ, आणि या वेळी गोंदही नव्हता.

घरी आलो तेव्हा आई पडवीत जहाजाजवळच बसली होती, चेहरा एवढासा करून. माझं किंचाळणं तिच्या मनाला लागलं होतं.

“चुकलं काय बाबू माझं?” तिने त्याला विचारलं. “मले वाटलं, साफ करून द्यावं. काळंच ठेवायचं असते, हे मले कोणी सांगितलंच नाही.”

तो खाली वाकला. उन्हात ते पोट असं चमकत होतं, की डोळे मिचकवावे लागत होते. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याला वाईट वाटत होतं हे मला दिसलं. मग ते गेलेलंही दिसलं.

“फार छान निघालंय काकू,” तो म्हणाला. “पुन्हा काळं पडेल हळूहळू. मी बघेन ना पडताना.”

“तुम्ही कसे पाह्यचे? गाडी आहे ना तुमची? कितीची आहे?”

“सव्वापाचची.”

माझं इन्सुलेशन कापायचं पातं खिडकीत पडलेलं होतं. त्याने ते उचललं, काडी ओढून गरम केलं, आणि नाकाजवळची सगळ्यात वरची, रविवारी शेवटी बसवलेली ती पट्टी अलगद सोडवली. आईसमोर. नखाएवढी तांब्याची पट्टी आणून माझ्या तळहातावर ठेवली.

“जहाज झालेलंच नाही काकू,” तो म्हणाला. “ते टाकून कसा जाऊ?”

आईने पट्टीकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तांदूळ निवडून निवडून तिची नजर बारीक झालेली होती.

“म्हंजे... पोट्ट्या, तूच काढत होता काय रे त्या?”

“हो.”

“अन् ही पोट्टी?”

“मी पन्नी लपवत होती,” मी म्हटलं.

आईने पदर तोंडाला लावला. हसली की रडली, समजलं नाही. मग उठली, समया उचलून आत ठेवल्या, आणि आतूनच ओरडली, “दोघंबी हात धुऊन घ्या! पाट मांडते!”

“काकू,” त्याने दारातून आत वाकून विचारलं. “काका अभनपूरहून कधी येतील? त्यांना भेटायचं होतं... महत्त्वाचं.”

“चार वाजता येतीन.” आत ताटांचा आवाज थांबला. “अन् तुमची गाडी सव्वापाचची. बोलाले तास-सव्वातासच राह्यते बाबू.”

“गाडीचं सोडा हो काकू,” शार्दूल म्हणाला, आणि चपला काढून आमच्या घरात आला.